मुरक्का : कात्रीने जोडलेला इतिहास

गेल्या हिवाळ्यात तालुक्याच्या गावी एक चित्रप्रदर्शन भरले होते. आमच्या मोहल्ल्यातल्या मुलांची आठ कोलाज त्यात लावली होती. दर रविवारी मी या मुलांचा वर्ग घेते. बसची तिकिटे, मेंदीच्या कोनाची वेष्टणे, जुन्या लग्नपत्रिका, बांगड्यांच्या खोक्यांचा चमकीचा कागद, शिंप्याकडच्या चिंध्या असे जे हाताला लागेल ते कापून, चिकटवून आणि वरून रंगवून मुलांनी ही कामे केली होती. परीक्षक म्हणून आलेले गृहस्थ भले होते. प्रत्येक चित्रापुढे थांबले, मुलांची नावे विचारली. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, काम छान आहे. पण कोलाज म्हणजे पाश्चात्त्य प्रकार. मुलांना आपल्या मातीतलं काही शिकवा. अर्थात तुमच्यात चित्रकलेची परंपरा नाही, त्यामुळे अडचण असणारच.”

त्याच संध्याकाळी एका मुलीचे वडील तिला न्यायला आले. चित्राकडे न पाहताच ते म्हणाले, “आपा, बच्ची को सिलाई-कढ़ाई सिखाओ. ये काट-काट के चिपकाना अपने में कहाँ होता?”

दोघांचा हेतू वेगळा आणि जगही वेगळे. एक बाहेरून बोलत होते, दुसरे आतून. पण दोघांचे म्हणणे एकच होते : हे तुमचे नाही, हे आपले नाही. त्या रात्री मला दोघांनाही उत्तर द्यायचे होते आणि ते नीट देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे.

पॅरिसचे 1912 आणि त्याआधीचे

कलेच्या पुस्तकांत कोलाजची जन्मकथा ठरलेली असते. 1912 साली पिकासोने एका चित्रात वेताच्या विणीची नक्षी छापलेले मेणकापड चिकटवले आणि कडेला चौकट म्हणून दोर गुंडाळला. त्याच वर्षी ब्राकने लाकडाची नक्कल करणारा भिंतीचा कागद कापून आपल्या रेखाटनावर लावला. ‘कोले’ म्हणजे फ्रेंचमध्ये चिकटवणे, त्यावरून कोलाज. हे खोटे नाही. चित्राच्या चौकटीत बाजारातली खरी वस्तू आणून बसवायची आणि ‘चित्र म्हणजे काय’ असा प्रश्न उभा करायचा, ही गोष्ट त्या दोघांची आणि त्यांच्या काळाची आहे. तिचे श्रेय त्यांच्याकडून काढून घ्यायची गरज नाही.

पण वेगवेगळ्या काळातले, वेगवेगळ्या हातांचे कागद कापून एका पानावर जोडायचे, त्यांच्यामध्ये नवे नाते तयार करायचे आणि या जोडकामालाच कला मानायचे, ही गोष्ट पॅरिसच्या कित्येक शतके आधी हेरात, तबरेज, आग्रा आणि विजापूर इथे चालू होती. तिला नाव होते, तिचे उस्ताद होते, शागीर्द होते, तिच्यावर प्रस्तावना लिहिल्या जात होत्या. ते नाव म्हणजे ‘मुरक्का’.

ठिगळांचे पुस्तक

मुरक्का हा शब्द अरबी ‘रुक़आ’वरून आला आहे. रुक़आ म्हणजे तुकडा, ठिगळ, कागदाची चिठ्ठी. मुरक्का म्हणजे ठिगळे जोडून केलेले. सुफींच्या ठिगळांच्या झग्यालाही हाच शब्द वापरत. दारोदार मिळालेल्या कापडाच्या तुकड्यांतून शिवलेला तो झगा फकिरीची खूण होता. पुढे हाच शब्द बादशहांच्या चित्रसंग्रहाला लागला. एकीकडे फकिराची वाकळ, दुसरीकडे सोन्याच्या हाशियाचा शाही अल्बम, आणि दोघांना नाव एकच. आपल्या मराठीत सांगायचे तर मुरक्का म्हणजे कागदाची गोधडी.

माझ्या दादीने शिवलेली गोधडी अजून घरात आहे. तिच्यात दादांच्या सदऱ्याचा तुकडा आहे, आत्याच्या निकाहच्या ओढणीचा काठ आहे आणि कोणाच्या तरी परकराचे छीट आहे. त्या कापडांची मूळची किंमत केव्हाच संपली. त्यांना एकमेकांशेजारी बसवले म्हणून ती किमती झाली. मुरक्काचे तत्त्वही हेच.

याचा एक प्रसिद्ध नमुना इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे. इराणचा सफवी बादशहा शाह तहमास्प याचा भाऊ बहराम मिर्झा याच्यासाठी दोस्त मुहम्मद नावाच्या खुशनवीसाने 1544-45 च्या सुमारास हा मुरक्का बांधला. त्यात जुन्या उस्तादांच्या सुलेखनाचे तुकडे आहेत, इराणी चित्रे आहेत, आणि रेशमावर काढलेली चिनी चित्रेही कापून बसवलेली आहेत. संग्रहाच्या सुरुवातीला दोस्त मुहम्मदने एक लांब प्रस्तावना लिहिली. कोणता खुशनवीस कोणाचा शागीर्द, कोणत्या चित्रकाराने कोणाकडून काय घेतले, असा सगळा वंशवृक्ष तीत मांडला आहे. इराणी कलेचा इतिहास लिहिणारे अभ्यासक आजही या प्रस्तावनेकडे वळतात. म्हणजे कागद चिकटवण्याच्या या कामातूनच कलेचा इतिहास लिहिण्याची एक परंपरा उभी राहिली. तुकडे शेजारी ठेवायचे तर कोणता कोणाचा, कोणता आधीचा, हे माहीत असावे लागते.

कात्रीची स्वतःचीही एक कला होती. तिला ‘क़तई’ म्हणत. खुशनवीसाने लिहिलेले अक्षर बारीक पात्याने कापून काढायचे आणि वेगळ्या रंगाच्या कागदावर जसेच्या तसे चिकटवायचे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हेरातचा सुलतान हुसेन बायकरा याच्या तुर्की कवितांचा दिवान असा बनवला गेला. त्यातली अक्षरे शाईने लिहिलेली नाहीत. ती कापून चिकटवलेली आहेत. नस्तालिकचे ते लांब वळण आणि त्याखालचा नुक्ता, सगळे कागदाचे. त्या दिवानची पाने आज जगातल्या वेगवेगळ्या संग्रहालयांत विखुरलेली आहेत.

गोव्याहून आलेले बायबल

हिंदुस्थानात मुरक्काला बहर आला तो अकबर आणि जहांगीरच्या काळात. या कथेचा एक धागा आपल्या किनाऱ्यावरून जातो. अकबराच्या निमंत्रणावरून 1580 साली गोव्याहून जेझुइट पाद्री फतेहपूर सिक्रीला पोहोचले. त्यांनी अँटवर्पला छापलेले बहुभाषी बायबल भेट म्हणून नेले होते. त्यात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रे होती. त्या आणि त्यानंतर आलेल्या युरोपीय छापील चित्रांनी शाही कारखान्यातल्या चित्रकारांना झपाटून टाकले. अबुल हसन या पोराने 1600 साली जर्मन चित्रकार ड्यूररच्या छापील चित्रावरून संत जॉनचे रेखाटन केले. तेव्हा तो जेमतेम तेरा वर्षांचा होता. ते रेखाटन आज ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात आहे.

जहांगीरने, शहजादा सलीम असतानाच, जो मुरक्का बांधायला सुरुवात केली तो ‘मुरक्का-ए-गुलशन’ या नावाने ओळखला जातो. त्याचा मोठा भाग तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात आहे. याच धर्तीची काही पाने बर्लिनला आहेत. या पानांत हेरातच्या मीर अलीचे सुलेखन आहे, इराणी चित्रे आहेत, मुघल चित्रे आहेत आणि त्यांच्याच शेजारी येशू, मरियम आणि युरोपीय संतांची छापील चित्रेही आहेत. या तुकड्यांच्या भोवती सोन्याचे हाशिये रंगवलेले आहेत. दखनही त्यात आहे. विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशाह आपला तंबूर वाजवत बसला आहे, असे फर्रुख बेगने काढलेले चित्र जहांगीरच्या मुरक्कातल्या एका पानावर बसवले गेले. ते पान आज प्रागमध्ये आहे. इब्राहीमचा हा तंबूर त्याचा इतका लाडका होता की त्याने त्याला ‘मोतीखान’ असे नाव दिले होते.

हे काम एका माणसाचे नसे. कागद तयार करणारा, घोटणारा, लिहिणारा, चित्र काढणारा, सोन्याचा वर्ख लावणारा, रेघा मारणारा, हाशिया रंगवणारा, जिल्द बांधणारा असे सगळे हात एका पानावर चालत. जहांगीरच्या मुरक्कातल्या एका पानाच्या हाशियात कारागिरांचीच चित्रे आहेत. कोणी कागद घोटतो आहे, कोणी जिल्द बांधतो आहे. ते पान वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहात आहे. बादशहाच्या संग्रहात, मजकुराच्या शेजारी, कागद घोटणाऱ्याला जागा मिळाली ही मला त्या पानातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

वस्ल आणि वसली

आता शिकवण्याचे. या कारखान्यात नव्या शागीर्दाच्या हातात पहिल्या दिवशी ब्रश देत नसत. तो आधी वसली करायला शिके. वसली म्हणजे पातळ कागदाचे थर एकमेकांवर चिकटवून केलेला जाड, मजबूत कागद. खळ शिजवायची, त्यात कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचा, गाळून घ्यायची. कागद भिजवायचा, एकावर एक बसवायचा, हवेचा एकही फुगा राहू द्यायचा नाही. वाळला की गुळगुळीत दगडाने किंवा कवडीने तास न् तास घोटायचा. लाहोर आणि जयपूरकडे लघुचित्र शिकवणारे आजही इथूनच सुरुवात करतात.

वसली हा शब्द ‘वस्ल’वरून आला. गझल ऐकणाऱ्यांना हा शब्द सांगायला नको. वस्ल म्हणजे मीलन. विरहाच्या उलट ते वस्ल. थरांना इतके घट्ट जोडायचे की दोन कागद आहेत हे कळूही नये, म्हणून वसली. मुरक्का म्हणजे ठिगळ आणि वसली म्हणजे मीलन. ज्या कलेच्या दोन मूळ शब्दांचे अर्थ हे आहेत, ती कला ‘आपल्यात नाही’ असे कसे म्हणायचे?

माझ्या वर्गातही पहिले दोन रविवार कात्री मिळत नाही. मैद्याची खळ करायची आणि जुन्या वर्तमानपत्रांचे चार थर जोडायचे. मुले कंटाळतात. पण तिसऱ्या रविवारी स्वतः केलेला पुठ्ठा हातात आला की त्यावर वेडेवाकडे काही चिकटवायला ती धजत नाहीत. मेहनतीच्या कागदाची कदर आपोआप येते.

विजापूरचे ढग

दखनने या कलेत स्वतःची भर घातली. तिचे नाव अब्री. ‘अब्र’ म्हणजे ढग. एका पसरट भांड्यात पाणी घ्यायचे, मेथीच्या दाण्यांचा चिकट रस किंवा असाच एखादा डिंक घालून ते दाट करायचे. त्यावर रंगाचे थेंब सोडायचे. ते बुडत नाहीत, पृष्ठभागावर पसरतात. सळईने किंवा फणीने त्यांना वळणे द्यायची. तुरटीच्या पाण्यातून काढलेला कागद अलगद वर टेकवायचा आणि उचलायचा. ढगांची नक्षी कागदावर उतरते. एकदा उतरलेली नक्षी पुन्हा तशी कधीच येत नाही.

इराण, तुर्कस्तान आणि दखनमध्ये अब्रीचे कागद हाशियासाठी आणि जिल्दीसाठी वापरत. तुर्कस्तानात तिला ‘एब्रू’ म्हणतात आणि 2014 साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. पण सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात विजापूरच्या कलावंतांनी एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी अब्री हाशियातून काढून थेट चित्रात आणली. कागदाचा काही भाग डिंकाने किंवा कातरलेल्या साच्याने झाकायचा आणि उरलेल्या भागावर अब्री उतरवायची. वाळल्यावर तो भाग झाकून दुसऱ्या रंगाची अब्री पहिल्या भागावर घ्यायची. मग बारीक कुंचल्याने डोळा, बोट, लगाम काढायचे, कुठे सोने लावायचे. छपाई, साचा, रेखाटन आणि रंग असे चार प्रकार एका कागदावर. आज कलाशाळेत याला ‘मिश्र माध्यम’ म्हणतात.

यातले एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, 1625 च्या सुमाराचे. फासळ्या मोजाव्यात असा मरतुकडा घोडा आणि त्यावर तितकाच हडकुळा फकीर. सुफी विचारात घोडा म्हणजे नफ्स, माणसाची वासना. तिला उपाशी ठेवून काबूत आणायचे असते. अब्रीचे रंग पाण्यावर आपल्या मर्जीने पळतात, त्यांनाही असेच काबूत आणावे लागते. विषय आणि माध्यम यांची इतकी नेमकी गाठ क्वचित पडते. 2015 साली याच संग्रहालयात दखनच्या सुलतानांवर मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा जगाला या चित्रांची नव्याने ओळख झाली. आपल्याला मात्र विजापूर म्हटले की गोलघुमट आणि अफझलखान यापलीकडे काही आठवत नाही. ज्या आदिलशाहीत मराठी देशमुख-देशपांडे नांदले, शहाजीराजांनी चाकरी केली, गावोगावचे हिशेब मराठीत ठेवले गेले, त्या दरबाराची चित्रकला आपल्या वारशात बसू नये हे नवल आहे.

कागद कोणी केला?

मुरक्काला कागद लागतो आणि महाराष्ट्रात कागद करणारे बहुतांशी मुसलमान कारागीर होते. त्यांना कागदी किंवा कागझी म्हणत. दौलताबादजवळ कागझीपुरा नावाचे गाव आहे. मुहम्मद तुघलकाने 1327 साली राजधानी दौलताबादला आणली तेव्हा कागदाचे कारागीर इथे आले, अशी तिथली परंपरा सांगते. जुन्नरचा कागद तर इतका नावाजलेला की ‘जुन्नरी कागद’ ही त्याची ओळखच झाली. पुण्याच्या कसबा पेठेतली कागदीपुऱ्याची वस्तीही त्याच कारागिरांची आठवण सांगते.

जुने दोर, तागाची पोती आणि रद्दी चुन्याच्या पाण्यात कुजवायची, कुटायची, धुवायची, पुन्हा कुटायची. लगदा हौदात सोडायचा, गवताच्या काड्यांच्या चाळणीवर एकेक ताव उचलायचा. भिंतीवर वाळवायचा, खळ लावायची, घोटायचा. टाकून दिलेल्या वस्तूंपासून कागद करायचा आणि त्यावर सनद लिहायची. पेशव्यांच्या दफ्तरातले मोडी रुमाल असल्याच हातकागदावर लिहिलेले आहेत. कागद, कलम, दौत, शाई, दफ्तर, लिफाफा हे आपले लिहिण्याचे शब्द फारसी-अरबीतून आले. कात्रीला आपण कैची म्हणतो ती तुर्की. मराठी माणसाच्या लिहिण्याच्या पेटीत हे शब्द इतके मुरले आहेत की ते कधी आले हे कोणी विचारत नाही.

एकोणिसाव्या शतकात गिरण्यांचा स्वस्त कागद आला, तुरुंगांतही कैद्यांकडून कागद करून घेतला जाऊ लागला आणि कागदी मोहल्ले ओस पडत गेले. गांधीजींच्या प्रेरणेने 1934 साली वर्ध्यात ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हा हातकागदाला पुन्हा थोडे बळ आले. 1940 साली पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली. आज चित्रकार ज्या जाड, खडबडीत कागदावर हौसेने काम करतात त्यामागे या मोहल्ल्यांचे हात आहेत.

दरबार गेले, कागदी गेले, पण कापून चिकटवण्याची कला मोहल्ल्यातून गेली नाही. मोहरमचा ताबूत पाहा. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर रंगीत कागद, कातरलेली जाळी, बेगड, अभ्रक, आरसे. रात्र रात्र जागून मोहल्ल्यातली पोरे ती जाळी कातरतात. वडीलधारा माणूस घडी कशी घालायची हे दाखवतो आणि लहानगा खळीची वाटी धरून बसतो. ताबुताविषयी आपल्यातच मतभेद आहेत, ते मला ठाऊक आहेत. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत हिंदू घरेही हे काम हौसेने करत आली, हेही तितकेच खरे. मी इथे फक्त कारागिरीविषयी बोलते आहे. ‘बेगडी’ हा शब्द आपण खोट्यासाठी वापरतो, पण त्या बेगडीखालची मेहनत खरी असते.

आपल्या काळातले तीन उस्ताद

कलाशाळांतही हा धागा सापडतो. शांतिनिकेतनचे विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी 1957 साली शस्त्रक्रियेनंतर गेली. चित्रकाराची नजरच गेली, तेव्हा त्यांनी हातात कात्री आणि रंगीत कागद घेतला. बोटांनी चाचपत कोलाज केली आणि विद्यार्थ्यांना शिकवणेही सोडले नाही. त्यांचे शिष्य के. जी. सुब्रमण्यन बडोद्याला गेले. त्यांच्या हाताखाली सुरेंद्रनगरचा एक मुस्लिम मुलगा शिकला आणि पुढे तिथेच त्याने अनेक पिढ्या घडवल्या. ते म्हणजे गुलाममोहम्मद शेख, जन्म 1937. शेखांनी मध्ययुगीन युरोपच्या जगाच्या नकाशाची छापील प्रतिमा घेतली आणि तिच्यात कबीर, मजनू, मेरी मॅग्दलेन यांना आणून बसवले. रंग आणि संगणकावरचे कोलाज यांचा मेळ त्यांनी घातला. ती कामे पाहताना मला जहांगीरच्या मुरक्काची पाने आठवतात.

त्याच वर्षी अलीगढला झरीना हाशमी जन्मल्या. गणित शिकलेल्या, पुढे पॅरिसला छपाईचित्र शिकलेल्या या बाईंनी आयुष्यभर कागदालाच माध्यम मानले. त्यांच्या 1999 च्या एका चित्रमालेत घर, उंबरा, सरहद अशा उर्दू शब्दांना 36 ठशांत रूप दिलेले आहे. बहिणीने लिहिलेली उर्दू पत्रे त्यांनी छापचित्रांत आणली आणि त्या अक्षरांवर घराचे आराखडे, नकाशे उमटवले. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी स्त्री-कलावंतांना कागद बनवायला शिकवले. 2020 साली त्या वारल्या. आमच्या मुलींना मी त्यांचे नाव मुद्दाम सांगते.

डब्यातले तुकडे

आता वर्गातली खरी अडचण. वर्गात उर्दू वर्तमानपत्रे येतात. पहिल्याच महिन्यात एक मुलगा कात्री उघडी धरून थांबला. “आपा, इसपे अल्लाह का नाम है. काटूं क्या?”

मुस्लिम घरात वाढलेल्याला या प्रश्नाचे वजन कळेल. रस्त्यात पडलेला अरबी अक्षरांचा कागद उचलून उंचावर ठेवायची आपल्याला सवय असते. बिशर हाफी यांची कथा सगळ्यांनी ऐकलेली आहे : रस्त्यात पडलेला अल्लाहच्या नावाचा कागद त्यांनी उचलला, त्याला अत्तर लावून जपून ठेवले, आणि त्यांचे आयुष्य बदलले. मग कागद कापायचा कसा?

मी त्या मुलाला सांगितले, थांबलास हे बरे केलेस. कापायच्या आधी वाचायचे. जिथे पवित्र नाव किंवा आयत आहे तो तुकडा आधी काळजीपूर्वक वेगळा काढायचा आणि या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. डबा भरला की मशिदीत जुने कागद ठंडे करायला नेतात त्यांच्याकडे द्यायचा. उरलेले कापायला हरकत नाही. तेव्हापासून तो डबा वर्गात आहे. याचा एक अनपेक्षित फायदा झाला. मुले कापायच्या आधी वाचू लागली. ज्यांना उर्दू येत नव्हते ती शेजाऱ्याला विचारू लागली. मराठी पेपर कापतानाही हीच सवय लागली. एका मुलाने संत तुकारामांचे चित्र कापायचे थांबवले आणि डब्याकडे बोट दाखवून विचारले, “हे पण यात ठेवायचं ना?” मी हो म्हणाले.

चित्रांचा प्रश्नही येतो. माणसांचे चेहरे चालतात का? मी मुफ्ती नाही, फतवा देणे माझे काम नाही. ज्यांच्या घरी चालत नाही त्यांची मुले नक्षी, अक्षरे, इमारती, झाडे घेतात. ज्यांच्या घरी चालते ती चेहरे घेतात. हा मतभेद जुना आहे. जहांगीरच्या आग्र्यातही तो होता आणि तरीही तिथे एकाच मुरक्कात अक्षरांचे पान आणि चित्राचे पान समोरासमोर बसत असे. वर्गाच्या भिंतीवर आम्हीही तसेच लावतो.

दोन कात्र्या

एक गोष्ट लपवून चालणार नाही. मुरक्का करायला पुस्तके कापावी लागत. एखादे जुने पान काठाने छाटले जाई, एखाद्या कवितेचा अर्धा भाग हरवे. जोडण्याच्या कलेत तोडणे असतेच. म्हणून कात्री कशासाठी चालते हे पाहावे लागते.

ज्या बहराम मिर्झाचा मुरक्का तोपकापीत जपला गेला, त्याच्या भावाच्या, शाह तहमास्पच्या, शाहनाम्याचे काय झाले पाहा. 258 चित्रांचा तो ग्रंथ विसाव्या शतकात एका अमेरिकन धनिकाने विकत घेतला, सुटा केला, 78 चित्रे संग्रहालयाला दिली आणि कित्येक पाने लिलावात विकली. उरलेला भाग 1994 साली एका अमेरिकन चित्राच्या बदल्यात इराणला परत गेला. तिथेही कात्रीच चालली होती, पण ती पाने पुन्हा शेजारी येऊ नयेत अशी.

आपल्याकडेही अशी कात्री चालते. 2017 साली राज्याच्या शालेय इतिहासात मुघलांचा भाग मोठ्या प्रमाणात कमी झाला. 2023 साली एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकातून मुघल दरबारांवरचे प्रकरण वगळले गेले. आमच्या वर्गातली मुलगी जेव्हा मेंदीच्या कोनाचा कागद आणि ज्वारीच्या पोत्याचा तुकडा शेजारी बसवते, तेव्हा तिला हे सांगणारे पुस्तकच हातात नसेल की तिच्याच दखनमध्ये चारशे वर्षांपूर्वी असे काम होत होते. मग परीक्षक म्हणणार परंपरा नाही आणि वडील म्हणणार आपल्यात नसते. दोघांनाही दोष देता येत नाही. दोघांच्या पुस्तकातून तेच पान कापलेले आहे.

प्रदर्शनानंतर दोन-तीन रविवार ती मुलगी आली नाही. मी घरी गेले. मुरक्काचे काही फोटो मोबाइलवर होते, ते तिच्या वडिलांना दाखवले. अब्रीचा घोडा त्यांनी बराच वेळ पाहिला. ते गादी-गोधड्यांच्या दुकानात काम करतात. म्हणाले, “ये तो कपड़े पे भी हो सकता.” फार काही बोलणे झाले नाही.

पुढच्या रविवारी मुलगी आली. तिच्याबरोबर एक पिशवी होती. तिच्यात छिटाची कापडे होती, गोधडीच्या काठाचे तुकडे होते, आणि तळाशी तिच्या आजीच्या निकाहची पत्रिका होती, पिवळी पडलेली, वर ‘बिस्मिल्लाह’ छापलेली. वडिलांनी निरोप दिला होता : वरची ओळ डब्यात ठेवा, बाकीचे वापरा.